‘मले बंद करू नका’

“हात नका लावू, मावशी. कोणाले लावूही देऊ नका. चकरी फिरेल, फिरू द्या. पडदा काळा झाला तरी घाबरू नका. बस, थांबा.”

कम्प्युटरवाल्या यास्मीनचं हे सांगणं मनात घोळवतच मी शेजारच्या नत्थुजींच्या दारात चपला काढल्या. हातात घडी घातलेला सोवळ्याचा मुकटा होता आणि तुळशीची माळ. अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पातूरमधली आमची सगळी गल्ली तर लोटलीच होती, पण आजूबाजूच्या खेड्यांतूनही माणसं आली होती. त्या वर्षी बोंडअळीनं कपाशी आतून पोखरून टाकली होती. ऐन वेचणीच्या दिवसांत हात रिकामे, आणि रिकाम्या हातांना नारळ धरायला वेळ लागत नाही. बायका लेकरं कडेवर घेऊन खिडकीच्या गजांना लागल्या होत्या.

“आलं काय व?”

“नाई अजून. सातले येते ते.”

“कोन येते पन?”

“ते तं महाराजच सांगतीन. काल तं कन्हत होतं.”

“मशीन कन्हत होतं?”

“मंग! या कानानं ऐकलं म्या. घर्र, घर्र... जीव जाते तसं.”

ज्या आवाजानं त्या बाईच्या अंगावर काटा आला होता, तो कम्प्युटरमधल्या पंख्याचा होता. आत एक लहानसा पंखा असतो. काम जास्त पडलं की जोरात फिरतो. पण पंखा म्हटलं की लोक घरी निघून जातात. भूत म्हटलं की दुसऱ्या दिवशी शेजारणीला घेऊन येतात.

मागच्या खोलीतला कम्प्युटर आता बैठकीत टेबलावर आणून ठेवला होता. त्याला झेंडूचा हार घातलेला, पडद्यावर कुंकवाची बोटं ओढलेली, समोर कापलेले लिंबू, आणि मागच्या भोकांतून मूठभर अंगारा आत गेलेला. बाजूच्या दिवाणावर जानराव महाराज मांडी घालून बसले होते. भगवी कफनी, गळ्यात रुद्राक्ष, आणि मनगटावर भलं मोठं सोनेरी घड्याळ. त्यांना अंतर्ज्ञानानं सगळं कळायचं, फक्त सात वाजले की नाही ते घड्याळात पाहावं लागायचं.

हे प्रकरण सुरू कसं झालं ते आधी सांगते.

नत्थुजी आणि कौशल्या आमच्या शेजारचे. काळ्या मातीची बरी शेती, मुलगा श्रावण पुण्याला एका कारखान्यात. त्याची बायको चंदा धारणीची. शिकलेली, चटपटीत, सासूच्या आधी उठणारी. श्रावणनं तिच्यासाठी हा कम्प्युटर घरी आणून ठेवला होता. शाळांच्या प्रश्नपत्रिका, लग्नपत्रिका, असं काहीबाही टाइप करून द्यायची ती. दिवाळीनंतर एका संध्याकाळी त्या यंत्राचं अपडेट चालू होतं, म्हणजे त्याची जुनी कार्यप्रणाली स्वतःला सुधारून घेत होती, आणि मध्येच भारनियमनामुळे वीज गेली. पुढच्या संध्याकाळी कौशल्या देवापुढे दिवा लावत असताना मागची अंधारी खोली निळी झाली. बंद कम्प्युटर आपोआप चालू झाला होता. पडद्यावर ठिपक्यांची एक चकरी गरगर फिरत होती. कौशल्येच्या हातची समई पडली.

“आत कोनी नाई व मैनाबाई! देवाशपथ, कोनी नाई!” असं ओरडत ती माझ्या दारात आली होती.

तिसऱ्या दिवशी जानराव महाराज हजर. मूर्तिजापूरकडचा हा माणूस पूर्वी टीव्ही आणि टेप दुरुस्त करायचा. मग त्याला साक्षात्कार झाला. कोणाचा, ते अजून कळलेलं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी यंत्राकडे पाहून डोळे मिटले होते.

“हार्डवेअर म्हणजे देह,” महाराज म्हणाले. “सॉफ्टवेअर म्हणजे आत्मा. देह तं आपन फडक्यानं पुसतो. आत्मा कोन पुसन? बोला!”

बायकांनी हात जोडले. महाराजांना चेव आला.

“व्हायरस वेगळा, वायुरूप वेगळं. व्हायरस दुकानदार काढते. वायुरूप काढाले साधना लागते. हे जे फिरून राह्यलं ना, हे चकरी नोहे. हा भोवरा होय. अतृप्त जीव वाट शोधून राह्यला!”

नत्थुजींनी तिथेच लोटांगण घातलं. साठीचा माणूस, पंचायत समितीत भल्याभल्यांना गप्प करणारा, पण आपल्याच घरच्या यंत्रापुढे त्याची वाचा बसली.

तेवढ्यात चंदा पुढे आली. “बाबाजी, त्याच्यावर इंग्रजीत लिहून येते. अपडेट चालू आहे, कम्प्युटर बंद करू नका, असं.”

महाराजांनी डोळे उघडले. मी खिडकीशी उभी होते, मला त्यांचा चेहरा स्वच्छ दिसला. क्षणभर तो टीव्ही दुरुस्त करणाऱ्याचा चेहरा होता, ज्याला नेमकं कळलंय की पोरगी बरोबर बोलते आहे. मग तो पुन्हा महाराजांचा झाला.

“ऐकलं?” ते गर्दीकडे वळून गरजले. “काय म्हनते ते? मले बंद करू नका! अरे, भूत कधी म्हनन काय, की मले हाकला? ते तं असंच रडन! आनं हे कोनाले वाचता येते? इथं येवढे लोक हायेत, कोनाले वाचता आलं? फक्त सूनबाईले! ते फक्त सूनबाईसंग बोलते!”

गर्दी चंदापासून दोन पावलं मागे सरली. ते मागे सरणं मी पाहिलं आहे. लहानपणापासून जिच्या हातचं पाणी प्यायलात तिच्यापासूनही माणसं अशीच सरतील, याची मला तेव्हा खात्री पटली.

मग रोजचा विधी ठरला. सकाळी यंत्र चालू करायचं, धूप दाखवायचा. मग कळफलकावरचं चंद्रकोरीचं बटण दाबायचं, कारण चंद्र शीतल असतो, त्यानं बाधा शांत होते. संध्याकाळी सातला बाधा जागी होणार. भोवरा फिरू लागला, आकडे चढू लागले, की महाराज मंत्र म्हणणार, घंटा वाजवणार, आणि त्यांचा चेला भिंतीवरच्या बोर्डाचं बटण खटकन बंद करणार. पडदा काळा. “गेलं! आजच्यापुरतं गेलं!” उद्या परत येणारच, म्हणून महाराजही परत येणारच. त्यांच्यासाठी शिरा, नारळ, ब्लाऊजपीस, आणि शेवटी नत्थुजींच्या घरची चांदीची वाटी.

एवढ्यावर भागलं असतं तर मी कदाचित गप्प बसले असते. कोणाच्या घरची पूजा मोडायला जाणं माझ्या स्वभावात नाही. मी स्वतः सोमवार करते, प्रदोष धरते, रोजची माळ चुकवत नाही. पण महाराजांनी एक दिवस निकाल दिला: सूनबाई घरात आहे तोवर वायुरूप हलणार नाही. तिनं माहेरी जावं. आणि अमावास्येला हे यंत्र लाल कापडात बांधून त्यांच्या मठात आणून द्यावं. तिथं ते स्वतः त्याला शांत करतील. मगच सुनेला परत आणायचं की नाही ते बघू.

चंदानं श्रावणला फोन लावला तर तो म्हणाला, “आई म्हनते तसं कर.”

चंदा पिशवी घेऊन निघाली तेव्हा मी ओट्यावर होते. ती माझ्याजवळ थांबली. “मावशी, म्या फक्त वाचून दाखवलं,” एवढंच म्हणाली. कौशल्या दाराआड उभी होती. बाहेर आली नाही.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. सकाळी मी यास्मीनकडे गेले. अब्दुल रहीम यांची मुलगी, मुलींच्या शाळेत कम्प्युटर शिकवते. तिची आई नसीमबानो आणि मी एकाच भाजीवालीकडून भाजी घेत म्हाताऱ्या झालो. मी सगळं सांगितलं. यास्मीन आधी हसली, मग चंदाचं ऐकून तिचं हसणं थांबलं.

“मावशी, ते बंद होतच नाही ना! चंद्राचं बटण म्हणजे झोपायचं बटण. पहिल्या दिवशी चंदानंही तेच दाबलं असेल. मशीन मरत नाही, झोपते. रोज ठरलेल्या टाइमले आपोआप उठते, राहिलेलं अपडेट पुरं करायले. आणि हे रोज मध्येच वीज तोडतात. मग सकाळी चालू केलं की ते बिचारं झालेलं काम उलटं फिरवते, संध्याकाळी पुन्हा पहिल्यापासून.”

“मग उपाय काय?”

“उपाय? ते लोक जो उपाय करून राहिले, तो बंद करणे. हाच उपाय.”

ती स्वतः गेलीही. नत्थुजींनी फाटकातूनच परत पाठवलं. “देवाचं काम चालू हाये. तुह्यं इथं काय काम?” ती उलट बोलली नाही, माझ्याकडे आली आणि मला पढवलं. मी कौशल्येला समजावून पाहिलं तर ती रडायलाच लागली. “तुमी देवाच्या मानूस, मैनाबाई, आनं तुमीच असं बोलता?”

मी देवाचं माणूस म्हणूनच बोलत होते. पण ते तिला कळेना. तेव्हा मी वेगळं बोलले. म्हटलं, “कौशल्याबाई, आज अमावास्येच्या आधीची संध्याकाळ. मी तुझ्या घरी सोवळ्यात बसून माळ ओढते. चालेल?” तिला आनंदच झाला. मोरीत पाणी काढून दिलं.

तर त्या संध्याकाळी मी मागच्या मोरीत आंघोळ केली, मुकटा नेसले, आणि बैठकीत येऊन पाट मांडला. मांडला तो बरोबर भिंतीवरच्या बोर्डाखाली. पाठ भिंतीला, डोकं बटणाच्या पुढ्यात. माझी माळ सुरू झाली की पुरी होईपर्यंत मी उठत नाही, बोलत नाही, आणि सोवळ्यात मला कोणी शिवत नाही. गल्लीतल्या पोरासोरांनाही हे ठाऊक आहे. त्या आठवड्यात भारनियमन सकाळच्या पाळीत होतं. संध्याकाळी वीज जाणार नव्हती. राहता राहिली माणसं.

महाराज खूश झाले. “वा! भक्त मानूस! बसा माय, तुमच्या जपानं मलेही बळ येईन!”

सातला पडदा निळा झाला. अंगणातून ‘ओ माय!’ असा एकच आवाज आला. चकरी फिरू लागली. खाली टक्क्यांचे आकडे चढू लागले. महाराजांनी मंत्र सुरू केला, ज्यात संस्कृत, हिंदी आणि मला वाटतं एका टीव्हीच्या कंपनीचं नावही होतं. मग घंटा खणखणली आणि चेला बोर्डाकडे निघाला.

माझ्यापाशी येऊन तो थांबला.

“माय, जरा सरका.”

मी माळ ओढत राहिले.

“माय, बटन दाबाचं हाये.”

मणी पुढे सरकला. त्यानं माझ्या डोक्यावरून हात नेला, तशी खिडकीतून जयवंताबाई कडाडली. महाराजांची सगळ्यात कट्टर भक्त होती ती. “ये मुडद्या! हात आवर! सोवळ्यात हायेत त्या! शिवलास तं पाप कोनाच्या घरावर येईन?”

“पन महाराजांनी...”

“महाराज गेले उडत! माळ पुरी होऊ दे!”

चेल्यानं महाराजांकडे पाहिलं. महाराजांनी घंटेचा जोर वाढवला. रोज तिशीच्या आसपास सगळं आटपायचं. तीस गेले. चाळीस गेले. महाराजांचा मंत्र संपला, तो त्यांनी पुन्हा पहिल्यापासून धरला. कपाळावरचं गंध घामानं ओघळू लागलं.

“हे बाई विघ्न आनून राह्यली!” ते ओरडले. “जीव बाहेर पडाले पाहे, वाट अडवली इनं! उठवा तिले!”

कोणी उठवायला पुढे येईना. आजवर याच लोकांना त्यांनी शिवाशिवीची भीती घालून ठेवली होती.

एकदम पडदा काळा झाला. घरघरही थांबली. मीही क्षणभर डोळे मिटले, खोटं नाही सांगत. पण यास्मीननं आधीच सांगून ठेवलं होतं.

“गेलं! गेलं!” महाराज दिवाणावरून उडी मारून उठले. दोन्ही हात वर. “आपल्या मंत्रानं गेलं! बटनाचीही गरज पडली नाई! बोला...”

जयजयकार सुरू होणार तोच पडदा पुन्हा उजळला. चकरी पुन्हा फिरली. आकडा पुढेच चढत होता. महाराजांचे हात वरच राहिले. बाहेर एक पोर फिसकन हसलं, आणि त्याच्या आईनं त्याला चापट मारायचं विसरून स्वतःच तोंडाला पदर लावला.

मग काय झालं? काहीच नाही. शेवटचा आकडा आला, चकरी थांबली, आणि पडद्यावर हिरवी डोंगररांग उमटली. चंदानं लावलेलं ते चित्र, तिच्या माहेराकडच्या मेळघाटाचं. बाजूला तिच्या कामाच्या फायली ओळीनं मांडलेल्या. ना किंकाळी, ना धूर.

माझी माळ पुरी झाली. मी ती डोळ्यांना लावली आणि उठले.

“महाराज,” मी म्हटलं, “रोज तुम्ही हाकलत होता ते कोण होतं?”

“अहंकार बोलते हा! माह्या तपश्चर्येनंच...”

“तपश्चर्येनं झालं, मग मला उठवा म्हणून का ओरडत होता? आज फक्त एकच गोष्ट घडली नाही. तुमच्या चेल्यानं बटण दाबलं नाही. एवढंच. तुम्ही टीव्ही दुरुस्त करणारे. चालू कामात वीज तोडली तर यंत्र बिघडतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं म्हणता?”

मी खिडकीतून हाक मारली. यास्मीन रस्त्यावरच उभी होती. आता तिला कोणी अडवलं नाही. नत्थुजींनीच बाजूला होऊन वाट दिली, मान खाली घालून.

तिनं चंद्रकोरीचं बटण दाबलं. पडदा काळा.

“मेलं काय?” जयवंताबाईंनी विचारलं.

“झोपलं. तुम्ही उठवा. कोणतंही बटण दाबा.”

जयवंताबाईंनी एक बोट असं लांबवलं की जणू तव्याला लावायचं आहे. पडदा उजळला. त्या दचकल्या, मग पुन्हा झोपवलं, पुन्हा उठवलं. “होय व माय! ह्याले तं मीबी उठवू शकतो!”

यास्मीननं आत काहीतरी लिहिलं आणि कौशल्येकडे वळली. “काकू, सांगा, भूत किती वाजता बोलवू?”

कौशल्येनं घड्याळाकडे पाहून चाचरत वेळ सांगितली. यास्मीननं ती वेळ लावली, यंत्र झोपवलं, आणि टेबलापासून लांब जाऊन उभी राहिली. सगळे श्वास धरून बसले. सांगितलेल्या वेळेला पडदा आपोआप निळा झाला. या वेळी कोणी ‘ओ माय’ म्हटलं नाही. अंगणातून मोठ्ठा हशा उठला, आणि त्या हशात भीती निघून गेली ती गेलीच.

“आनं ते कन्हणं?” मघाची बाई.

“आतला पंखा, काकू. तुमच्या महाराजांनी त्यात राख कोंबली, मग कन्हणार नाही तर काय करणार?”

तोवर महाराज दाराशी पोचले होते. आलेगावकडचा एक म्हातारा त्यांच्या आडवा आला. “माहा टीव्ही कुठी हाये? तोबी शांत कराले मठात नेला होता तुमी. झाला काय शांत?” महाराज त्याला वळसा घालून मोटारसायकलकडे धावले. मोटारसायकलला किक बसेना. चेल्यानं ती ढकलत नेली. चांदीची वाटी मात्र कफनीच्या खिशातून काढून देऊनच त्यांना गल्ली सोडता आली. जयवंताबाईंनीच ती काढायला लावली.

मला त्या माणसाची कीव येत नाही. त्याला सगळं ठाऊक होतं. पण मला राग येतो तो आमचा. एक शिकलेली पोर मोठ्यानं वाचून सांगते आहे की बंद करू नका, आणि आम्ही तिचंच तोंड बंद केलं. देवावर माझा विश्वास आहे आणि मरेपर्यंत राहील. म्हणूनच सांगते, जिथं चमत्कार दिसेल तिथं आधी हात जोडू नका, आधी विचारा. हे कशानं होतं? आम्ही मध्ये पडलो नाही तर काय होईल? घरातल्या बाईवर ठपका येतो आहे का, आणि त्यातून कोणाच्या पदरात काय पडतं आहे? एवढं विचारल्यानं कोणाचा देव रागावत नाही. रागावला, तर तो देव नव्हे, त्याचा दलाल आहे.

लोक पांगल्यावर कौशल्या यंत्रासमोर बसून होती. तिनं ओल्या फडक्यानं कुंकू पुसलं. मग मला म्हणाली, “फोन लावून द्या.”

चंदानं फोन उचलला.

“सूनबाई,” कौशल्या म्हणाली, “ते... चालू झालं व. चांगलं चालू झालं. तू ये.”

मग चंदाचा आवाज आला, अगदी सरळ. “येतो. पन माह्या भावासंग येणार नाई. यांच्यासंगबी नाई. तुमी घ्याले या, आई. तुमीच. माह्या बापाच्या घरात, सगळ्यांसमोर.”

नत्थुजी खाकरले. “म्हातारी येवढ्या दूर...”

कौशल्येनं हातानंच त्यांना गप्प केलं. “येतो मी,” ती फोनमध्ये म्हणाली. “एकटी येतो.”

दुसऱ्या दिवशी पहाटे मी फुलं वेचायला बाहेर पडले तेव्हा गल्लीत कोणी नव्हतं. शेजारचं दार हळूच उघडलं. कौशल्या बाहेर आली. नवी नऊवारी, हातात कापडी पिशवी, पिशवीतून पुरणपोळीच्या डब्याचं झाकण दिसत होतं. ती आयुष्यात अकोल्याच्या पुढे एकटी गेली नव्हती.

“अकोल्यावरून अकोटची गाडी, मंग धारणीची, होय ना?” तिनं हलक्या आवाजात विचारलं.

“हो. अकोटला विचारून चढ.”

तिनं मान डोलावली, पदर खोचला, आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागली.